वाचवायचा तो शोधण्यातला वेळ, धुण्यातला नव्हे



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी डॉक्टर नाही. माझं शिक्षण बी.एस्सी., आणि फौजेतली बहुतेक नोकरी आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये गेली. ऑर्डनन्स म्हणजे सोप्या भाषेत भांडार. बुटाच्या लेसपासून तोफेच्या सुट्या भागापर्यंत जे जे जवानाला लागतं, ते योग्य वेळी, योग्य ठिकाणी, वापरण्याजोग्या अवस्थेत पोचवायचं, एवढंच आमचं काम. निवृत्तीनंतर मी इंदूरला स्थायिक झालो आणि मध्य प्रदेशातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रशासनाची जबाबदारी घेतली. त्या रुग्णालयाचं नाव मी इथे घेणार नाही, कारण मी जे सांगणार आहे ते देशातल्या कितीतरी रुग्णालयांत जसंच्या तसं लागू पडेल.

विषय आहे ऑपरेशनची उपकरणं. ती वापरून झाल्यावर कुठे जातात, कशी धुतली जातात, कशी निर्जंतुक होतात आणि परत टेबलावर कशी येतात. विषय रुक्ष वाटेल, पण तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी कुणाचं तरी ऑपरेशन झालेलं असणार. त्या दिवशी तुम्ही सर्जन कोण, भूल कोण देणार, खर्च किती, हे सगळं विचारलं असेल. उपकरणं कुणी धुतली, हे विचारलं होतं का? मीही आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

मी रुजू झालो तेव्हा विश्वस्तांची एकच तक्रार होती. थिएटर दोन आहेत, सर्जन चांगले आहेत, रुग्ण रांगेत आहेत, तरी दिवसाला व्हायला हव्यात तेवढ्या शस्त्रक्रिया होत नाहीत. सगळ्यांचं मत पडलं की तिसरं थिएटर बांधावं. माझी फौजी खोड अशी, की नवीन गोदाम मागणाऱ्याला आधी जुन्या गोदामात काय चाललंय ते विचारायचं. म्हणून मी थिएटरच्या दारात न थांबता खाली तळघरात गेलो, सीएसएसडीमध्ये. सीएसएसडी म्हणजे मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभाग. सगळ्या रुग्णालयाची उपकरणं इथे येतात आणि इथूनच जातात.

एका उपकरणाचा प्रवास कसा असतो ते आधी सांगतो. ऑपरेशन संपलं की कैच्या, चिमटे, आर्टरी फोर्सेप्स, नीडल होल्डर, सगळं रक्ताने माखलेलं असतं. रक्त वाळायच्या आत ते ओलं ठेवायला लागतं. सलाइनमध्ये ठेवून चालत नाही, कारण मिठाने स्टीलला बारीक खड्डे पडतात. मग एन्झाइमच्या द्रावणात भिजवायचं. पहिलं पाणी कडक गरम नको, कारण अंडं उकडल्यावर घट्ट होतं तसं रक्तातलं प्रथिन गरम पाण्याने धातूला चिकटून बसतं. प्रत्येक बिजागरी उघडून ब्रशने घासायची. दातेरी भागात ब्रश पोचत नाही तिथे अल्ट्रासॉनिक यंत्र. मग खळखळून धुणं, वाळवणं, भिंगाखाली तपासणं, सेट मांडणं, कापडात बांधणं आणि त्यानंतर ऑटोक्लेव्ह. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ असते. १२१ अंशांवर साधारण १५ ते २० मिनिटं, किंवा १३४ अंशांवर तीन-चार मिनिटं ती उपकरणांना लागली पाहिजे. पण हा झाला फक्त मारण्याचा वेळ. आधी आतली हवा काढायला वेळ लागतो, नंतर सेट वाळायला लागतो, आणि बाहेर काढल्यावर तो थंड व्हायलाही लागतो. सगळा हिशोब धरला तर एक सेट टेबलावरून निघून परत टेबलावर यायला तीन-साडेतीन तास सहज जातात.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की जे स्वच्छ नाही ते निर्जंतुक होत नाही. बिजागरीत रक्ताचा कण सुकून बसला तर वाफ त्याच्या आत पोचतेच असं नाही. 'ऑटोक्लेव्हमधून काढलंय ना, मग झालं' असं म्हणणारा माणूस भेटला तर समजा, त्याने धुण्याची खोली पाहिलेली नाही.

आता आमच्या तळघरात काय होतं? काम करणारी माणसं मेहनती होती. पण सकाळच्या पाळीची एक पद्धत, दुपारच्या पाळीची दुसरी आणि रात्रीच्या माणसाची तिसरी. सेटमध्ये काय असतं ते कागदावर कुठेच नव्हतं, एका ज्येष्ठ टेक्निशियनच्या डोक्यात होतं. त्यांना सगळे दादा म्हणायचे. दादा रजेवर गेले की थिएटरमधून फोन सुरू. "ती वाकडी कैची कुठेय?" "हाडाच्या सेटचा स्क्रूड्रायव्हर कुणी घेतला?" तीन वर्षं एकही दिवाळी दादांनी घरी काढली नव्हती. लोक त्याला निष्ठा म्हणत होते. मला मात्र त्यात धोका दिसला.

तो धोका मी रुजू झाल्यावर महिन्याभरातच समोर आला. खुब्याचं हाड मोडलेल्या एका वयस्क शेतकऱ्याचं ऑपरेशन होतं. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. त्यांना आत टेबलावर घेतलं आणि सिस्टरनी सेट उघडला, तर आतलं कापड ओलसर. ओल्या कापडातून जंतू आत झिरपू शकतात, म्हणून ओला सेट अशुद्धच धरायचा असतो. सर्जन घाईत होते, पुढे चार केसेस होत्या. सिस्टर म्हणाल्या, "सर, हा सेट मी टेबलावर घेणार नाही." दुसरा सेट होता, पण तो धुण्यात होता आणि त्यातले दोन भाग तिसऱ्याच ट्रेमध्ये गेले होते. केस दुसऱ्या दिवशीवर ढकलली. बाहेर त्यांच्या मुलाला हे सांगायला मी गेलो. तो मजुरी करणारा माणूस. दोन दिवसांची मजुरी बुडवून आला होता, आता तिसरा दिवस जाणार होता. तो भांडला नाही. एवढंच विचारलं, "साहेब, बाबांना आता थोडं पाणी देऊ का?"

त्या दिवशी सेट ओला का राहिला याचा मी माग काढला. कारण साधं होतं. वरून फोन आला होता, "लवकर पाठवा." म्हणून खालच्या माणसाने वाळवण्याचा वेळ अर्ध्यावर तोडला. म्हणजे वीस मिनिटं वाचवायला गेले आणि एक दिवस गेला. आणि वरून घाई का होती? कारण सकाळचा वेळ सेट शोधण्यात गेला होता. खरा घोटाळा इथे होता. शोधण्यात गेलेला वेळ आपण धुण्यातून आणि वाळवण्यातून भरून काढत होतो. रुग्णाच्या जिवाशी संबंध असलेला वेळ कापत होतो आणि कुणाच्याही उपयोगाचा नसलेला वेळ तसाच चालू ठेवत होतो.

फौजेत याचं उत्तर फार जुनं आहे. पलटणीच्या शस्त्रागाराला आम्ही कोत म्हणतो. प्रत्येक रायफलला नंबर असतो, प्रत्येक रायफलची जागा ठरलेली असते, सकाळ-संध्याकाळ मोजणी होते. साफ करायची पद्धत एकच. फुलथ्रू, चिंदी, तेल, त्याच क्रमाने. सुभेदारसाहेब वीस वर्षांच्या नोकरीचे असोत की कालचा रंगरूट, क्रम बदलत नाही. अनुभवी माणसावर अविश्वास म्हणून हे केलेलं नसतं. रात्री दोन वाजता, थंडीत, तीन रात्री न झोपलेल्या माणसाच्या हातूनही ते काम बरोबर व्हावं, म्हणून केलेलं असतं.

गंमत म्हणजे ऑपरेशन थिएटर आणि फौज यांना जोडणारा एक माणूस शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. फ्रँक गिलब्रेथ, अमेरिकेतला. सुरुवातीला तो गवंडी होता. विटा रचताना होणाऱ्या हालचाली त्याने मोजल्या आणि १८ वरून जवळपास ५ वर आणल्या. पुढे त्याने शस्त्रक्रियांचाही अभ्यास केला. सर्जनने स्वतः उपकरणं शोधत बसू नये, शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसाने ती मागितल्याबरोबर हातात द्यावीत, ही सूचना त्याचीच. आज आपल्याला वाटतं की थिएटरमध्ये हे पहिल्यापासून असंच होतं. सैनिकांनी डोळे बांधून हत्यार खोलायचं आणि जोडायचं, या शिकवण्याच्या पद्धतीचं श्रेयही त्यालाच दिलं जातं. वीट, बंदूक आणि आर्टरी फोर्सेप्स, तिन्हीकडे त्याने एकच प्रश्न विचारला: यातली कामाची हालचाल कोणती आणि वाया जाणारी कोणती?

आम्ही काय केलं ते आता क्रमाने सांगतो. यात महागडं यंत्र जवळजवळ नाही.

पहिलं काम, नाव. एकाच उपकरणाला एक सर्जन 'आर्टरी' म्हणायचे, दुसरे 'हेमोस्टॅट', तिसरे 'स्पेन्सर वेल्स'. जो तो आपल्या कॉलेजात शिकलेलं नाव घेणार. तळघरातल्या नव्या मुलीला कळेना की ही तीन उपकरणं की एक. आम्ही प्रत्येक उपकरणाचा फोटो काढला, लांबी लिहिली आणि सर्जन, सिस्टर, टेक्निशियन यांना एका टेबलाशी बसवून एकच नाव ठरवलं. या बैठकीला तीन संध्याकाळी लागल्या. फौजेत मी सीमेवरच्या वाटाघाटी केल्या नाहीत, पण त्या याहून सोप्या असाव्यात.

दुसरं काम, सेट हलका करणं. वर्षानुवर्षं कुणीतरी एखादं उपकरण मागायचं, ते सेटमध्ये घातलं जायचं आणि मग कधीच बाहेर निघायचं नाही. तीन आठवडे आम्ही प्रत्येक ऑपरेशननंतर एवढंच नोंदवलं, की यातलं काय खरोखर हातात घेतलं गेलं. नेहमीच्या सेटमधली निम्मी उपकरणंसुद्धा वापरली जात नव्हती. आम्हीच वेगळे असंही नव्हतं. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात असाच अभ्यास झाला होता आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या चार विभागांत ट्रेमधल्या उपकरणांचा प्रत्यक्ष वापर सरासरी १३ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान होता. न वापरलेलं उपकरणही उघडलं की पुन्हा धुवायला, तपासायला, मोजायला, बांधायला लागतंच. शिवाय जड आणि दाटीवाटीने भरलेला ट्रे नीट वाळत नाही.

सर्जन मंडळींचा इथे विरोध झाला, आणि तो रास्त होता. एक डॉक्टर म्हणाले, "कर्नलसाहेब, शंभरात एकदा लागतं ते उपकरण, पण त्या एकदा ते नसेल तर माणूस जाईल." मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ते काढायचं नाही. फक्त वेगळं बांधून थिएटरच्या कपाटात, ठरलेल्या खणात ठेवायचं. मागितल्यावर लगेच हातात आलं पाहिजे." हे त्यांना पटलं. शेवटचा शब्द सर्जनचाच ठेवला. त्यांनी नको म्हटलेलं एकही उपकरण आम्ही सेटमधून काढलं नाही. काढलेल्या उपकरणांतून मात्र बरेच जादा सेट उभे राहिले. नवीन खरेदी न करता.

तिसरं काम, भिंतीवरचा कागद. धुण्याच्या प्रत्येक टप्प्यावर मोठ्या अक्षरांत, चित्रांसह, हिंदीत. द्रावण किती, पाणी किती, भिजवायचं किती वेळ. कैचीची धार कशी तपासायची, नीडल होल्डरची पकड कशी बघायची. वंगण कुठलं वापरायचं, कारण साधं तेल लावलं तर त्याच्या थराखाली वाफ पोचत नाही. सकाळी ऑटोक्लेव्ह सुरू करताना पहिल्यांदा बोवी-डिक चाचणी. १९६०च्या दशकात एडिंबरामध्ये बोवी आणि डिक या दोघांनी काढलेली ही चाचणी, आतली हवा पूर्ण निघते की नाही ते दाखवते. कागदाचा रंग सगळीकडे सारखा बदलला तरच यंत्र वापरायचं. आणि सगळ्यात ठळक ओळ: वाळवण्याचा वेळ कुणाच्याही सांगण्यावरून तोडायचा नाही. त्याखाली वैद्यकीय संचालकांची सही घेतली. कारण पंधरा हजार पगाराचा माणूस सर्जनला 'नाही' म्हणू शकत नाही, पण सहीकडे बोट दाखवू शकतो.

चौथं काम, उद्याची यादी आज. दुपारी चार वाजता दुसऱ्या दिवसाची ऑपरेशनची यादी तळघरात पोचलीच पाहिजे. कुठला सेट कुठल्या केसला, आणि एकच सेट दोनदा लागणार असेल तर मध्ये किती तास आहेत, हे त्याच संध्याकाळी बघायचं. साडेतीन तासांचं अंतर नसेल तर केसेसचा क्रम बदलायचा. हे संध्याकाळी कागदावर बदलणं सोपं असतं. सकाळी, उपाशी माणूस टेबलावर असताना, फार अवघड असतं.

याचा परिणाम काय झाला? सकाळची पहिली केस वेळेवर सुरू होऊ लागली. दोन केसेसमधली धावपळ कमी झाली. तिसऱ्या थिएटरची मागणी आपोआप मागे पडली. आणि हे सगळं होताना धुण्याचा, वाळवण्याचा, थंड करण्याचा एकही मिनिट आम्ही कमी केला नाही. उलट काही ठिकाणी वाढवला. वाचला तो शोधण्याचा वेळ.

कुणी म्हणेल, हे धर्मादाय रुग्णालयाला जमेल का? तर मदुराईकडे बघा. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली तिथे ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. ते स्वतः आर्मी मेडिकल कोअरमध्ये होते. संधिवाताने बोटं वाकडी झाल्यामुळे त्यांना फौज सोडावी लागली. त्याच बोटांनी ते शस्त्रक्रिया करायला शिकले आणि आयुष्यात एक लाखाहून जास्त शस्त्रक्रिया केल्या. अरविंदची पद्धत जगभर अभ्यासली जाते. एका सर्जनला दोन टेबलं. एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार. उपकरणांचे ठरावीक, एकसारखे अनेक सेट सतत फिरत असतात. सर्जनला कशासाठी थांबायला लागत नाही. त्यामुळेच त्यांना मोठ्या संख्येने गरीब रुग्णांवर मोफत किंवा अगदी कमी खर्चात उपचार करता येतात. तिथे शिस्त हाच दानधर्म आहे.

आता एक सावधगिरीची गोष्ट. ठरवलेली पद्धत म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. आमच्या भिंतीवरच्या प्रत्येक कागदावर तारीख असते. दर तीन महिन्यांनी आम्ही सगळे बसतो. तळघरातली एखादी मावशी म्हणाली की हा क्रम उलटा केला तर बरं, आणि ते सगळ्यांना पटलं, तर कागद बदलतो आणि सगळ्यांसाठी बदलतो. चालत नाही ते एकच: प्रत्येकाने आपापल्या मनाने, गुपचूप बदलणं.

आणि शेवटचं, माणसांविषयी. मी गेलो तेव्हा या लोकांना वरच्या मजल्यावर 'बर्तन धोनेवाले' म्हणत असत. कुणी त्यांना कधी थिएटर दाखवलं नव्हतं. ज्या कैचीला ते धार आहे की नाही बघतात ती कैची पुढे काय करते, हे त्यांना माहीत नव्हतं. आम्ही एकेकाला थिएटरमध्ये नेलं आणि काचेतून ऑपरेशन दाखवलं. प्रत्येक सेटच्या लेबलवर बांधणाऱ्याचं नाव आणि ऑटोक्लेव्हच्या फेरीचा क्रमांक येऊ लागला. ते लेबल रुग्णाच्या फाइलमध्ये चिकटवलं जातं. पुढे काही त्रास झाला तर माग काढता येतो, हा एक फायदा. पण दुसरा फायदा मला मोठा वाटतो. रुग्णाच्या कागदपत्रांत सर्जनच्या नावाबरोबर आता त्यांचंही नाव असतं. आणि दादा गेल्या दिवाळीला आठ दिवस गावी जाऊन आले. त्या आठ दिवसांत थिएटरमधून त्यांना एकही फोन गेला नाही. परत आल्यावर ते जरा नाराज होते. म्हणाले, "साहेब, माझी आठवणच आली नाही कुणाला?" मी म्हटलं, "दादा, तुमचंच सगळं भिंतीवर लावलंय. तुम्ही गेलाच नव्हतात."

तुम्ही बृहन्महाराष्ट्रातली मंडळी आहात. बडोदा, इंदूर, हैदराबाद, बेंगळुरू, जिथे जिथे आपली माणसं गेली तिथे त्यांनी संस्था उभ्या केल्या. तुमच्यापैकी कुणी विश्वस्त असेल, कुणी देणगीदार, कुणी डॉक्टर, कुणी फक्त एखाद्या रुग्णाचा नातेवाईक. प्रत्येकाला एकेक विनंती करतो.

विश्वस्तांनी वर्षातून एकदा तळघरात जावं आणि भिंतीवर काय लिहिलंय ते वाचावं. देणगीदारांनी पाटी लावता येईल अशा वस्तूच देऊ नयेत. एखाद्या सेटची दुसरी जोडी, भिंगाचा दिवा, चांगला ब्रश, यांवर कुणाच्या आजोबांचं नाव कोरता येत नाही, पण त्याने ऑपरेशनं वेळेवर होतात. डॉक्टरांनी आपल्या सेटची यादी एकदा स्वतः तपासावी. आणि नातेवाइकांनी एक साधा प्रश्न विचारावा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-यादी दिली. त्यात पहिला छेद घेण्यापूर्वी विचारायचा एक मुद्दा आहे: उपकरणं निर्जंतुक असल्याची खात्री झाली आहे का? तुम्ही फक्त एवढंच विचारा, "ही यादी तुमच्याकडे वापरतात ना?" नम्रपणे विचारा, पण विचारा.

घाईच्या वेळी कुठला वेळ तोडायचा आणि कुठला तोडायचा नाही, हे शांततेच्या वेळी ठरवून, लिहून ठेवायचं असतं. फौजेत मी एवढंच शिकलो, आणि रुग्णालयात तेच कामी आलं.

जय हिंद.